शाईवाला

नेमणूकपत्रावर 'दुसरा मतदान अधिकारी'.
प्रत्यक्षात शाईवाला.
सावई-वेऱ्याच्या प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात,
गुडघे न मावणाऱ्या बाकाशी,
करवंटीभर वाळूत बाटली रोवून
सकाळी सातपासून मी गावाची नखं बघतोय.

सुपारी सोलणाऱ्यांची नखं आधीच काळी.
शाई दिसत नाही, तरी लावायची.
मास्तर, ही जाते कधी?
नख वाढेल तशी वर सरकते, म्हटलं.
तो आपल्या अंगठ्याकडे बघून म्हणाला,
सुपारीची नाही सरकत.

अकराच्या सुमारास द्रौपदी खांडेपारकर.
यादीत वय एकोणऐंशी.
डावा हात पुढे केला,
तर तर्जनीच्या जागी तर्जनी नव्हती.
"हें बोट ना रे पुता. आडोळ्यार गेलां."
मी पुस्तिका उघडली. आहे, नियम आहे:
ते बोट नसेल तर त्याच हाताचं दुसरं,
डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्याचं,
तीही नसतील तर
हाताचं जे टोक उरलं असेल त्याला.
दिल्लीत कुणीतरी टेबलाशी बसून
एकेक बोट वजा करत गेला असेल,
आणि शेवटच्या वाक्यापाशी
जरा थांबला असेल.

ओळखपत्र चंचीत परत ठेवताना
एक नाणं घरंगळलं.
मिशीवाला राजा, कडेने पोर्तुगीज अक्षरं.
सासऱ्याच्या आजाचं म्हणे.
तिकडे लिस्बनला लोकांनी राजा घालवला,
प्रजासत्ताक आणलं;
ते बोटीवर चढून इकडे यायचं मात्र राहून गेलं.
इथे आला नुसता नवा झेंडा,
रेजेदोराची दारावरची थाप तीच.
पुढे ती सोळा वर्षांची असताना
विमानातून कागद पडले.
आईने त्यात मीठ बांधलं.
कागद चांगला होता, म्हणाली.

पहिलं मत सदुसष्टचं.
ते माणसाला नव्हतंच.
फूल की दोन पानं.
आपलं आपण राहायचं, की महाराष्ट्रात जायचं.
नवरा, विसू, पानांचा.
गोठ्याच्या भिंतीवर गेरूने पानं काढलेली,
देवळापुढे सभा घ्यायचा, मराठीत,
बोलायचा चांगला.
आणि ती?
देवाशी मराठीत, जावांशी कोंकणीत,
म्हशीशी दोन्हींत.
'आमच्या घरची दोन्ही मतं पानांना'
असं तो पाहुण्यांना सांगत राहिला, मरेपर्यंत,
आणि ती कढी वाढत राहिली.

मधल्या बोटावर मी काडी टेकवली तेव्हा
ती वाकली, माझ्यापुरतंच बोलावं तशी.
कानांनी कमी ऐकणाऱ्या माणसाचं माझ्यापुरतं म्हणजे
सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.
"हांवें फूल मारिल्लें.
ताका केन्नाच सांगूंक ना."

सकाळपासून एकमेकांशी न बोललेले दोन एजंट
एकदम एकमेकांकडे बघू लागले.
केंद्राध्यक्षांचं पेन थांबलं.
आजी, मतदान गुप्त असतं,
हे मी म्हणायला हवं होतं.
पण किती वर्षं गुप्त?
आणि कुणापासून,
तो माणूस यादीतून वगळल्यावर?
पुस्तिकेत बोटांचं सगळं आहे, याचं नाही.

ओल्या शाईवर फुंकर घालत ती पुठ्ठ्याआड गेली.
लांब बीप.
काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते
आणि पेटीत पडते.
ती बराच वेळ आत होती.
घाई करा, असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी लाख वितळवली, शिक्के मारले,
करवंटीतली वाळू अंगणात ओतली.
वाळपईला पोचेस्तोवर रात्रीचे अकरा.
माझी चार बोटं काळी.
टपाली मताचा अर्ज
फ्रिजवर, गॅसच्या बिलाखाली,
तसाच कोरा पडलेला.

बायकोने बोटं बघून विचारलं, दिलंस ना मत?
हो म्हटलं,
आणि जेवायला बसलो.